सत्तावीस नंबरची धार

"काय म्हाताऱ्या, जिवंत आहेस का?"

फोनमधून किम्मोचा आवाज आला तेव्हा तार्मो रिस्सानेनच्या हातात सत्तावीस नंबरचा डावा स्केट होता आणि धारेचं चाक गरगरत होतं. फोन त्याने कान आणि खांदा यांच्यामध्ये धरला आणि हातातलं काम चालूच ठेवलं.

"नसतो तर फोन कुणी उचलला असता? बोल."

"काल परत हरलात म्हणे."

"हे सांगायला फोन केलास?"

"चिडू नको रे. कामाचं विचारायचंय. इकडचा माणूस माझ्या धारेची पार वाट लावतो. पाय बर्फात रुतून बसतात. मी वळतो, गुडघा तिथेच राहतो. त्याने विचारलं, तुझी खाच कितीची? मी म्हटलं, मला काय ठाऊक! तेरा वर्षं तार्मो करत होता, मी कधी विचारलं नाही. तर सांग, कितीची होती माझी?"

"बावीस," तार्मो म्हणाला. यात आठवण्यासारखं काही नव्हतंच. "लिहून घे, नाहीतर दारातून बाहेर पडेपर्यंत विसरशील. बावीस. आत्ता तर करतोय, हे काय हातातच..."

तो थांबला. जुना सत्तावीस नंबर किम्मो एप्रिलमध्येच हार्युलाचा आइस हॉकी संघ सोडून गेला होता आणि आता ऑक्टोबर चालू होता. किम्मोचा पाय सत्तेचाळीस मापाचा, एखाद्या होडीएवढा. तार्मोच्या हातातला स्केट बेचाळीसचा होता.

"हॅलो? म्हाताऱ्या? गेलास की काय?"

"बावीस सांग त्याला," तार्मो म्हणाला आणि फोन बंद केला. मग मशीनही बंद केलं. चाक थांबायला बराच वेळ घेतं. ते पूर्ण थांबेपर्यंत तो त्याच्याकडे बघत उभा राहिला.

स्केटच्या पात्याला सुरीसारखी धार नसते. पात्याच्या बुडाला लांबवर एक बारीक खाच पाडलेली असते आणि तिच्या दोन कडांवर माणूस बर्फात उभा राहतो. खाच खोल असली की कडा बर्फ धरून ठेवतात, उथळ असली की पाय सरकत पुढे जातो. तिचा आकडा असतो. आकडा मोठा तर खाच उथळ. किम्मो शंभर किलोच्या वरचा गडी. त्याचं वजनच त्याला बर्फात रुतवायचं, म्हणून त्याला बावीस लागायची. सत्तर किलोच्या माणसाला बावीसवर उभं करायचं म्हणजे ओल्या साबणावर उभं करण्यासारखं आहे.

आणि आताचा सत्तावीस, लाउरी तिआइनेन, वीस वर्षांचा, जेमतेम बहात्तर किलोचा होता.

तार्मोने खणातून मोजपट्टी काढली. पात्यावर ठेवली. डोळे बारीक करून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बावीस. मशीनच्या वर भिंतीला त्याने ऑगस्टअखेर स्वतःच चिकटवलेला कागद होता. त्याच्याच ठसठशीत अक्षरात त्यावर लिहिलेलं होतं: सत्तावीस, तेरा. सहा आठवडे तो कागद त्याच्या डोळ्यांपुढे होता. त्याने तो वाचला नव्हता, इतकंच. स्वतः लिहिलेलं कोण वाचायला जातो!

चूक कशी झाली हे कळायला त्याला मिनिटही लागलं नाही. आकडा बदलायचा तर चाकावर हिऱ्याच्या टोकाची हिरकणी फिरवून चाक नव्याने घडवावं लागतं. ते वेळखाऊ काम. म्हणून तार्मो आधी बावीसवाले सगळे उरकायचा, मग सोळावाले, शेवटी तेरावाले. बावीसवाल्यांत पहिला कोण, तर सत्तावीस. तेरा वर्षं तोच पहिला होता. हात आपणहून त्या कप्प्याकडे जायचा. खेळाडूंची नावं तार्मोच्या कधी लक्षात राहत नसत. नावं बदलतात, कप्प्यावरचे नंबर जागेवर असतात, असं तो अभिमानाने सांगायचा. एकतीस वर्षं तो अभिमान त्याला शोभला.

पण या वसंतात संघाने पंचवीसपैकी अठरा माणसं काढून टाकली होती. संघाची नव्याने बांधणी करायची होती. हार्युला गावाच्या रस्त्यांवर दिव्याच्या प्रत्येक खांबाला 'नवा हार्युला' असं लिहिलेलं निळं कापड फडकत होतं. तीन वर्षांचा आराखडा होता, कोवळी पोरं होती, आणि धोबीकाम, शिवणकाम, धार हे सगळं बघायला दोनाच्या जागी एक माणूस होता. दहा सामन्यांत संघ एकच जिंकला होता. पेट्रोल पंपावरच्या कॅफेत सकाळी कॉफीला बसणारे म्हातारे तार्मोला पाहिलं की म्हणत, "काय तार्मो, बर्फ फार घसरडा आहे का रे यंदा?"

तो हसून घ्यायचा. 

बाकीच्या दोघातिघांच्या कप्प्यातही त्याने मोजपट्टी लावून पाहिली. आकडे बरोबर होते. ते तसे असणारच. नवा आठ नंबर चेक देशाचा होता, धार लागेपर्यंत मशीनपाशी कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि न आवडली तर आपल्या भाषेत शिव्या द्यायचा. चूक नेमकी त्याच्यावर पडली होती जो बोलत नव्हता.

पण नाही, हेही खरं नव्हतं. लाउरी एकदा बोलला होता.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा असेल. सराव संपल्यावर पोरगा दारात येऊन उभा राहिला. केस ओले, कान लाल.

"तार्मो, एक विचारू का? मला जरा... डाव्यावर वळताना सरकल्यासारखं वाटतं. धार एकदा बघाल का?"

तार्मोच्या समोर मोज्यांचा ढीग होता आणि दुपारची बस गाठायची होती.

"तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी धार लावतोय," तो म्हणाला होता. "धारेला काही झालेलं नाही. गुडघे वाकव. तुम्ही पोरं हल्ली ताठ उभी राहता, म्हणून सरकता."

"बरं," लाउरी म्हणाला होता. "माफ करा." आणि दार हळूच ओढून घेऊन गेला होता.

त्यानंतर त्याने पुन्हा विचारलं नाही. गुडघे मात्र वाकवत राहिला, इतके की प्रेक्षकांत कुणीतरी त्याला बेडूक म्हणायला लागलं. आणि काल संध्याकाळी, बरोबरी झालेली, जादा वेळ चाललेला, समोरचा खेळाडू अंगावर आलेला, लाउरी त्याच्याबरोबर वळायला गेला आणि त्याचा पाय गेला. नुसता गेला. तो आडवा झाला, समोरचा एकटा पुढे निघाला, गोल झाला आणि सामना गेला. चार हजार माणसं गप्प बसली. मग वरच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, त्याला खुर्ची द्या रे धरायला!" इथे तीन वर्षांचं पोर खुर्ची ढकलत बर्फावर उभं राहायला शिकतं. त्या आरोळीवर अख्खा हॉल हसला. हसणाऱ्यांत तार्मोही होता. खोटं कशाला बोला, तो फार नाही पण हसला होता.

आज सकाळी आठला व्यवस्थापकाचा निरोप आला. सत्तावीसचं सामान पाच वाजेपर्यंत बांधून ठेव. त्याला उत्तरेला, सहा तासांवरच्या खालच्या गटातल्या संघाकडे उसना धाडतोय. कागदांवर सह्या दोन वाजता. उद्या त्याच्या जागी दुसरा येतोय, कप्पा रिकामा हवा.

जाणाऱ्या खेळाडूला ताजी धार लावूनच निरोप द्यायचा ही तार्मोची रीत होती. कुणी सांगितलेली नव्हती. म्हणूनच तो स्केट आज सकाळी सगळ्यात आधी त्याच्या हातात आला होता.

घड्याळात साडेदहा झाले होते. प्रशिक्षकाची खोली तीन दारं सोडून पुढे होती. तार्मो दारापर्यंत गेला. मूठ वर उचलली. आत कुणीतरी फोनवर बोलत होतं. ते संपेपर्यंत थांबू, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग, जेवून येऊ, दोनपर्यंत वेळ आहे, असंही सांगितलं. माणूस स्वतःची समजूत किती पटकन काढतो! तो कोट घालून घरी गेला.

गुरुवार होता, म्हणजे गावात घरोघरी असतं तसं वाटाण्याचं सूप. तार्मोची बायको रायली दोन वर्षांपूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली होती, पण सूप अजून सगळ्या शाळेला पुरेल एवढं करायची. उरलेलं शेजारी जायचं, आणि शेजारीही आता तोंड लपवायला लागले होते.

"तोंड का असं?" तिने वाढता वाढता विचारलं.

त्याने सांगितलं. सांगायला फार शब्द लागले नाहीत. रायलीने डाव पातेल्यात ठेवला आणि समोर बसली.

"किती दिवस झाले?"

"सहा आठवडे."

"कुणाला कळलंय?"

"नाही."

"कळेल?"

"मी सांगितलं तरच. आत्ता नीट धार लावून दिली की झालं. पोरगं तिकडे जाईल, तिकडे बरं खेळेल. म्हणतील, त्याला हवापालट मानवला."

"आणि तो काय म्हणेल?"

"कोण?"

"तो पोरगा. तो स्वतःला काय म्हणेल?"

तार्मोने सूप ढवळलं. त्यात मोहरी घालायची राहिली होती, ती घातली, पुन्हा ढवळलं.

"मला निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत रायली. तीन वर्षं. या वयात मला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? आणि आधीच एक माणूस कमी केलाय त्यांनी. निमित्तच शोधतायत."

"मग शोधू देत."

"तुला बोलायला काय जातंय?"

"मला?" रायलीचा आवाज चढला. "तीन वर्षं रोज सकाळी तुझं हे तोंड मला बघायचंय. कामावरून काढलं तर काढलं. घरात बस, शेजाऱ्यांना सूप वाट. पण हे पोटात ठेवून तू इथे बसलास ना, तर तू कुणालाच सहन होणार नाहीस. ओळखते मी तुला. तुझा भाऊ गेला तेव्हा दोन वर्षं तू माझ्याशी नाही, टेबलावरच्या मिठाशी बोलत होतास. मग आता सूप काय पीत बसलायस?"

तरी तो बसला. सूप संपवलं. गुरुवारचं गोड धिरडं आलं, त्यावर जाम पसरला, अगदी कडांपर्यंत नीट पसरला. कॉफी घेतली. घरून निघाला तेव्हा एक वाजून गेला होता. रस्त्यावरच्या डबक्यांवर सकाळची पापुद्र्यासारखी बर्फाची साय अजून टिकून होती.

प्रशिक्षकाचं नाव योनास वेहमास. वय अडतीस. सोळा वर्षांचा असताना याच हॉलमध्ये खेळायचा. तेव्हा स्केटची नाडी बांधताना त्याची बोटं गारठायची आणि तार्मो खाली बसून त्याच्या नाड्या ओढून द्यायचा. त्यामुळे सगळे त्याला कोच म्हणत, तार्मो योनास म्हणायचा.

"या तार्मो, बसा. कॉफी?"

"नको. योनास, सत्तावीसची धार चुकली. माझ्याकडून. पहिल्या दिवसापासून."

वेहमासने संगणकावरची नजर काढली. तार्मोने सगळं सांगितलं, किम्मोचा फोन, बावीस, तेरा, भिंतीवरचा कागद. गुडघे वाकव म्हणाला होता तेही सांगितलं. ते सांगताना त्याला खाली बघावं लागलं.

वेहमासने संगणकाचा पडदा तार्मोकडे वळवला. पडद्यावर लाउरी होता. पडत होता. दुसऱ्या सामन्यात पडत होता, चौथ्यात पडत होता, कालच्यात पडत होता.

"सोळा वेळा," वेहमास म्हणाला. "बसून जोडलंय मी हे. संचालकांना दाखवलं. म्हटलं, बघा, पोरगा चांगला आहे, पण पायात अजून ताकद नाही. तयार व्हायला दोन वर्षं लागतील."

"सोळाच्या सोळा माझ्या आहेत त्या. थांबव सही."

"झाली."

"दोनला होती ना?"

"तिकडच्यांना घाई होती. बाराला झाली."

तार्मोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजता तो धिरड्यावर जाम पसरत होता.

"मी साडेदहाला तुझ्या दारात उभा होतो," तो म्हणाला. "आत आलो असतो तर?"

वेहमास चांगला माणूस होता, म्हणून त्याने खोटा दिलासा दिला नाही.

"माहीत नाही तार्मो. खरंच सांगतो. थांबवलं असतं, कदाचित. कदाचित म्हटलं असतं, धार काय, त्याने भांडायला हवं होतं. या कामाला भांडणारी माणसं लागतात." त्याने पडदा पुन्हा स्वतःकडे वळवला. "तशीही यंदा जिंकायची अपेक्षा कुणाचीच नाही. आराखड्यात पहिलं वर्ष हरण्याचंच धरलंय."

"पोरांना माहितीय का ते?"

"हे बाहेर बोलू नका," वेहमास म्हणाला. "संचालकांच्या कानावर गेलं तर ते तुम्हाला ठेवणार नाहीत, आणि पंचवीस माणसांचं एकट्याने करणारा दुसरा मला मिळणार नाही. आणि पोराला तर मुळीच नको सांगायला. विनाकारण कडवट होईल. जाऊ दे त्याला शांतपणे."

तार्मो दंड भरायला आला होता आणि त्याला कुणी दंडही करत नव्हतं. आयुष्यभर त्याची समजूत होती की संघ त्या खाचेवर उभा असतो. आज कळलं की संघाचं तिच्यावाचून फारसं अडत नाही. अडतं ते एखाद्या पोराचं. तो उठला.

"नाड्या मीच बांधायचो तुझ्या," दाराशी जाऊन तो म्हणाला. "शांतपणे जाऊ दे म्हणतोस. तो शांतच आहे रे. म्हणून तर झालं हे."

कपडे बदलायच्या खोलीत लाउरी एकटा होता. कप्प्यावरची त्याच्या नावाची पट्टी त्याने स्वतःच काढून बाकावर ठेवली होती आणि मोजे एकात एक घालून त्यांची गुंडाळी करत होता. आईने शिकवलेलं असणार.

"मी बांधलं असतं," तार्मो म्हणाला. "ते माझं काम आहे."

"असू दे. मला करायला काही नव्हतं."

तार्मो समोरच्या बाकावर बसला आणि तिसऱ्यांदा तेच सांगितलं. रायलीला सांगताना सोपं गेलं होतं, वेहमासला सांगताना जड गेलं होतं. आता प्रत्येक वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. लाउरी ऐकत होता. हातातली मोज्यांची गुंडाळी त्याने तशीच धरली होती.

"कितीची होती?" शेवटी त्याने विचारलं.

"बावीस."

"बावीस." तो हसल्यासारखं करून थांबला. "तुम्हाला माहितीय, मी रोज संध्याकाळी शाळेमागच्या, यंत्राने गोठवलेल्या बर्फाच्या पटांगणावर जायचो? उघडं असतं ना ते पोरांसाठी. तिथे माझे जुने स्केट घालायचो, घरून आणलेले. तिथे मी कधीच पडलो नाही. एकदाही नाही. उलटा जायचो, वळायचो, काय वाटेल ते करायचो."

"मग तुला कळलं नाही का की..."

"मला वाटलं मी घाबरट आहे!" लाउरी ओरडला. आवाज खोलीत घुमला आणि तो स्वतःच दचकला. मग हळू बोलला. "मला वाटलं, लहान पोरांत माझं चालतं आणि मोठ्या माणसांत गेलो की पाय कापतात. आईला फोन करायचो तेव्हा सांगायचो, सगळं छान चाललंय. आणि रात्रभर पडून विचार करायचो की घाबरट माणूस धीट कसा होतो. कुणाला विचारायचं असतं हे? तुम्हाला विचारलं होतं ना. तुम्हालाच विचारलं होतं."

"हो."

"गुडघे वाकव म्हणालात."

"हो," तार्मो म्हणाला. "चुकलं माझं."

लाउरीने मोज्यांची गुंडाळी पिशवीकडे फेकली. ती भिंतीवर आपटून खाली पडली. कुणीच ती उचलली नाही. तार्मोला वाटलं, याने उठून आपल्याला एक ठेवून द्यावी. पण हा तसल्या पोरांतला नव्हता. त्याने तोंड रिकाम्या कप्प्याकडे वळवलं.

तार्मो आपल्या खोलीत गेला. त्याने चाकावर हिरकणी फिरवली, मोजलं, पुन्हा फिरवली. भिंतीवरचा कागद मोठ्याने वाचला, अगदी पहिल्या दिवशीच्या शिकाऊ माणसासारखा. "सत्तावीस, तेरा." मग दोन्ही पाती घासली. घाई केली नाही. जुनी उथळ खाच जाऊन नवी पडायला सात फेऱ्या लागल्या. त्याने मोजपट्टी लावली, दगडाने कडा पुसल्या, नखावर धार लावून पाहिली. नखाचा पांढरा कीस निघाला.

ते स्केट घेऊन तो परत आला आणि लाउरीच्या पायाशी ठेवले.

"गाडी पाचला आहे," तो म्हणाला. "बर्फ आत्ता रिकामा आहे. तीनला बर्फावर नाचणाऱ्या मुली सरावाला येतात."

"कशाला?"

"तुझ्यासाठी. मला दाखवायला नाही. मी येत नाही हवं तर."

तार्मो बाहेर पडला आणि बोळाच्या टोकाशी, बर्फ गुळगुळीत करणाऱ्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. ते मशीन चालवणारा आह्ती नुकताच शेवटची फेरी मारून आला होता. अंगाने गोल, कामापुरतं बोलणारा, सामने कधीच न पाहणारा माणूस. त्याच्या मते खेळाडू म्हणजे त्याचा बर्फ खराब करणारे लोक.

दहा मिनिटं गेली. मग लाउरी आला. अंगात संघाचा निळा सदरा नव्हता, घरचा लोकरी स्वेटर होता. त्याने बर्फावर पाय ठेवला आणि थबकला. डावा पाय पुढे घेतला, वजन टाकलं. कडेने बर्फ धरला. तो आवाज तार्मोला दहा पावलांवरून ऐकू आला, कोरं कापड फाटल्यासारखा.

पहिली फेरी त्याने अगदी जपून मारली. दुसऱ्या फेरीत उलटा वळला. काल जिथे पडला होता त्या निळ्या रेषेवर डावीकडे वळला आणि पाय जागच्या जागी राहिला. तो पुन्हा तिथेच आला, आणखी जोरात आला, आणखी खाली झुकून वळला, इतका की हातमोजा बर्फाला घासला. पुन्हा आला. समोर कुणी नव्हतं, पण जणू कुणी आहे असा तो त्याच्याबरोबर वळायचा, त्याला कडेला ढकलायचा, वाट बंद करायचा. सहा आठवड्यांत गेलेली सोळाच्या सोळा माणसं त्याने एकामागून एक अडवली. चार हजार खुर्च्या रिकाम्या होत्या. वर वेहमासच्या खिडकीत दिवा होता. तिथे कुणी उभं होतं की नाही ते खालून दिसत नव्हतं.

तार्मोने कठडा दोन्ही हातांनी धरला होता. एकतीस वर्षांत त्याने चांगले म्हणून जेवढे पाहिले होते, त्यांत हा बसत होता. हे त्याला कळत होतं, आणि कळून आता काही उपयोग नव्हता.

आह्ती मशीनवरून खाली उतरला. नेहमी तो आपला बर्फ चिरला गेला की कुरकुरायचा. आज हात पुसता पुसता तार्मोच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि बराच वेळ बघत राहिला.

"हा कोण रे?" त्याने विचारलं. "कुणाचा आहे?"

"आपलाच," तार्मो म्हणाला. "पाच वाजेपर्यंत."

आह्तीने मान डोलावली. तीनला दहा कमी होते. पलीकडच्या दारातून नाचणाऱ्या मुली यायला लागल्या आणि कठड्याशी रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्या बाईंनी घड्याळ पाहिलं आणि आह्तीकडे पाहिलं. आह्तीने त्यांना हातानेच थांबायची खूण केली.